विश्लेषण : समुद्र तर गाठला, पण पुढे फिरायचे कसे? वाळूजहून गोवा-कोकणात जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

वाळूजच्या नावात वाळू असली तरी समुद्र तिथून किमान तीनशे किलोमीटर दूर आहे. छत्रपती संभाजीनगरलगतच्या या औद्योगिक वसाहतीतील कामगार कुटुंबांसाठी दिवाळीच्या सुट्टीतील गोवा किंवा कोकणची सहल म्हणजे वर्षभराच्या बचतीचा मामला. रेल्वेचे आरक्षण दोन महिने आधी होते. हॉटेल मोबाइलवर ठरते. स्थानकावर उतरल्यानंतर हॉटेलपर्यंत आणि हॉटेलपासून किनाऱ्यापर्यंत कसे जायचे, याचा विचार मात्र तिथे पोहोचल्यावरच होतो. सहलीचा हिशेब बिघडतो तो याच शेवटच्या टप्प्यात.

वाळूजमधील बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. तिथे तीनचाकी वाहने तयार होतात. बजाजच्या रिक्षा श्रीलंकेतही जातात आणि तिथल्या किनाऱ्यांवर पर्यटकांच्या तोंडी ‘टुकटुक’ या नावाने रुळल्या आहेत. बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर या परिसरातही शेअर रिक्षा हात दाखवताच थांबते. त्याच भागातला माणूस गोव्यात कळंगुटच्या किनाऱ्यावर रिक्षा शोधू लागतो, तेव्हा ती सहजी सापडत नाही. असे का होते आणि त्यावर उपाय काय?

गोव्यात कुठे उतरायचे, हे इतके महत्त्वाचे का?

गोवा नकाशावर लहान दिसतो, पण उत्तरेच्या हरमलपासून दक्षिणेच्या पाळोळेपर्यंत रस्त्याने शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे. कळंगुट, बागा, हणजूण येथे मुक्काम असेल तर कोकण रेल्वेचे थिवी स्थानक सोयीचे. तिथून कळंगुट साधारण वीस किलोमीटर. मात्र अनेक जण ‘गोवा म्हणजे मडगाव’ असे समजून मडगावचे तिकीट काढतात आणि मग कळंगुटसाठी सुमारे पन्नास किलोमीटरचे टॅक्सीभाडे मोजतात. कोलवा, बाणावलीसाठी मडगाव योग्य, तर पाळोळेसाठी काणकोण.

विमानाने जाणाऱ्यांचीही अशीच गल्लत होते. गोव्यात दोन विमानतळ आहेत. दक्षिणेकडे वास्कोजवळ जुना दाबोळी आणि उत्तरेकडे पेडणे तालुक्यात मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. मोपाहून प्रवासी विमाने जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. तिकिटावर दाबोळीसाठी ‘जीओआय’, तर मोपासाठी ‘जीओएक्स’ हे संकेताक्षर असते. पाळोळेला मुक्काम असलेला प्रवासी मोपाला उतरला, तर स्वस्त विमान तिकिटात वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात.

ओला-उबर का मिळत नाही?

गोव्यातील टॅक्सी व्यवसाय प्रामुख्याने स्थानिकांच्या हाती आहे. एका कुटुंबाची एक टॅक्सी आणि हॉटेलबाहेर किंवा चौकात ठरलेला थांबा, अशी ही रचना. पर्यटनाचा हंगाम काही महिन्यांचाच असतो आणि वर्षाचे उत्पन्न त्यातच काढायचे असते. बाहेरच्या कंपन्या आल्या तर भाडे पडेल, वर दलालीही द्यावी लागेल, अशी चालकांची भीती आहे. ती अगदीच निराधार नाही. दुसरीकडे, जवळच्या अंतरासाठीही अवाच्या सवा पैसे मागितले जातात, परतीचे रिकामे भाडेही आकारले जाते, ही पर्यटकांची तक्रारही जुनीच आहे.

यावर मधला मार्ग म्हणून गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने २०१८ मध्ये ‘गोवा माइल्स’ हे अ‍ॅप आले. त्यालाही विरोध झाला, पण ते टिकले. अ‍ॅप कंपन्यांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये नियमावलीचा मसुदा आणला. मात्र टॅक्सीचालकांच्या तीव्र विरोधानंतर सरकारला माघार घ्यावी लागली. त्यामुळे संभाजीनगर किंवा पुण्यात वापरतो तेच अ‍ॅप गोव्यात उघडून गाडी येईल, असे गृहीत धरता येत नाही.

विमानतळांवर आणि मडगाव स्थानकावर प्रीपेड टॅक्सीचे काउंटर आहेत. तिथे पावती मिळते. अ‍ॅपवरील दर आणि काउंटरवरील दर यांची तुलना करून मगच गाडी ठरवणे हिताचे. थांब्यावरची टॅक्सी घ्यायची झाल्यास एकूण रक्कम, परतीचे भाडे आणि थांबण्याचे पैसे आधीच स्पष्ट विचारून घ्यावेत.

भाड्याच्या दुचाकीची पाटी का पाहायची?

गोव्यात बहुतेक तरुण पर्यटक भाड्याची स्कूटर घेतात. इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रमांकाची पाटी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या वाहनाला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेले वाहन खासगी असते. ते भाड्याने देणे बेकायदा आहे, तरी थोडे स्वस्त पडते म्हणून ते घेतले जाते.

ही स्वस्ताई कधी महागात पडेल, सांगता येत नाही. परवान्याविना वाहन भाड्याने वापरल्यास मोटार वाहन कायद्यात १० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पोलिसांनी गाडी जप्त केली तर कुटुंब रस्त्यावरच उभे राहते. त्याहून गंभीर बाब विम्याची. खासगी वापराचा विमा असलेले वाहन भाड्याने दिले जात होते, हे उघड झाले तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. अपघातात समोरचा जखमी झाला, तर भरपाईचा भार चालकावरही येऊ शकतो. रोजचे शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी ही जोखीम परवडणारी नाही.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे. जुने ओरखडे नंतर आपल्या नावावर लागत नाहीत. भाडे, अनामत आणि पेट्रोल किती, हे लिहून घ्यावे. आधार कार्ड मूळ प्रत म्हणून ठेवून जाऊ नये. चालकाच्या परवान्यावर दुचाकीची नोंद आहे का, तेही घरूनच तपासावे. केवळ मोटारीचा परवाना स्कूटरला चालत नाही. वैध परवान्याविना वाहन चालवल्यास दंड पाच हजार रुपये आहे.

चौघांचे कुटुंब एका स्कूटरवर?

आई-वडील आणि दोन मुले एका स्कूटरवर, हे दृश्य वाळूजच्या रस्त्यावरही दिसते. कायद्याने मात्र दुचाकीवर चालकामागे एकालाच बसता येते. त्याचे उल्लंघन केल्यास एक हजार रुपये दंड आणि परवाना तीन महिने अपात्र ठरू शकतो. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे आणि ते नसल्यासही हीच शिक्षा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी पट्टा व लहान हेल्मेट आवश्यक असून अशा वेळी वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

थोडक्यात, चौघांसाठी दोन दुचाकी लागतात. तो खर्च मोजला तर काळ्या पाटीची छोटी मोटार अनेकदा फार महाग ठरत नाही. दारू पिऊन वाहन चालवल्यास पहिल्याच गुन्ह्यात १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. संध्याकाळचा बेत तसा असेल, तर किल्ली खोलीवरच ठेवावी.

बस, पायलट आणि फेरीबोट किती उपयोगी?

सर्वात स्वस्त पर्याय बसचा. १९८० मध्ये स्थापन झालेल्या कदंब परिवहन महामंडळाच्या पणजी-मडगाव आणि पणजी-म्हापसा मार्गांवर विनाथांबा बस आहेत. तिकीट बसस्थानकाच्या खिडकीवर आधी काढायचे आणि रांगेने बसायचे. म्हापशाहून कळंगुट, हणजूण, हरमलकडे बस जातात. अडचण एकच, अंधार पडला की किनाऱ्याकडील फेऱ्या विरळ होतात. मुंबईहून सकाळी सुटणाऱ्या मांडवी एक्स्प्रेसने गेल्यास मडगावला पोहोचेपर्यंत दिवस मावळतो. त्यामुळे पहिल्या दिवशी टॅक्सीचे पैसे धरूनच निघावे आणि बसवरची भिस्त दुसऱ्या दिवसापासून ठेवावी.

एकट्या प्रवाशासाठी गोव्यात ‘पायलट’ आहेत. पायलट म्हणजे परवानाधारक मोटारसायकल टॅक्सी. पुढचा पिवळा मडगार्ड ही तिची ओळख. भाडे बसण्यापूर्वी ठरवायचे.

नद्यांवरील फेरीबोटी हा स्थानिकांचा रोजचा मार्ग आहे आणि त्यात पायी प्रवाशांना पैसे पडत नाहीत. पणजी-बेती ही त्यातील गजबजलेली फेरी. केरी-तेरेखोल फेरीने नदी ओलांडली की तेरेखोलचा किल्ला गाठता येतो. मात्र ही फेरी भरती-ओहोटीवर अवलंबून असल्याने परतीची वेळ विचारूनच चढावे.

कोकणात चित्र वेगळे कसे?

कोकणात गोव्यासारखा भाड्याच्या स्कूटरचा बाजार सगळीकडे नाही. इथे एसटी आणि थांब्यावरची रिक्षा हेच आधार. गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, तर मालवण-तारकर्लीसाठी कुडाळ ही स्थानके सोयीची. कुडाळहून मालवण साधारण तीस किलोमीटर. एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत आहे. चौघांच्या कुटुंबात आजी सोबत असली, तर या सवलतींचा फरक चांगलाच जाणवतो. एसटीची गाडी गोव्यात जात असली, तरी या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच लागू असतात.

एमएच-२० क्रमांकाची स्वतःची मोटार घेऊन जाणाऱ्यांसाठी खाडीवरील फेरीबोटी उपयुक्त आहेत. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ या फेऱ्यांत मोटारी चढवता येतात. खाडीला वळसा घालण्याचे अंतर वाचते. रात्रीची शेवटची फेरी किती वाजता, हे मात्र आधीच विचारावे. ती चुकली तर पुन्हा तोच वळसा.

पुळणीवर गाडी नेली तर?

दरवर्षी पर्यटकांच्या मोटारी वाळूत रुततात. ओहोटीच्या वेळी ओली पुळण डांबरी रस्त्यासारखी कडक दिसते. पण मोटारीच्या वजनाने खालचे पाणी वर येते आणि वाळू सैल पडते. चाक जितके फिरवावे तितके आत जाते. तोवर भरती सुरू झाली, तर गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टरलाही वेळ मिळत नाही. समुद्राचे खारे पाणी शिरलेले इंजिन आणि वायरिंग दुरुस्त करण्याचा खर्च साऱ्या सहलीच्या खर्चाहून जास्त होऊ शकतो. गोव्यात पुळणीवर वाहन चालवणाऱ्यांवर गुन्हेही दाखल होतात.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. ही वेळ ढोबळ असते, ठिकाणानुसार थोडी मागेपुढे होते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे काल कोरडी असलेली जागा आज त्याच वेळी कोरडी असेलच असे नाही. स्थानिक कोळी आणि जीवरक्षक यांना विचारणे केव्हाही चांगले.

मग खर्च कसा आखावा?

आधी किनारा निवडावा, मग स्थानक किंवा विमानतळ आणि शेवटी हॉटेल. बहुतेक जण नेमके उलटे करतात. किनाऱ्यापासून चालत जाता येईल असे हॉटेल रोज काहीशे रुपयांनी महाग असले, तरी टॅक्सीचे दोन फेरे वाचले की ते स्वस्त पडू शकते. उत्तर आणि दक्षिण गोवा एकाच दिवशी उरकण्याचा अट्टहास सोडला, तरी मोठा खर्च टळतो. एका मुक्कामात एकच भाग नीट पाहावा.

वाळूज ते गोवा हे साडेसहाशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर रेल्वेच्या वेळापत्रकाने आणि आरक्षणाने बांधलेले असते. त्यात फारशी फसगत होत नाही. स्थानक ते हॉटेल आणि हॉटेल ते किनारा या शेवटच्या काही किलोमीटरना मात्र छापील तिकीट नसते. तिथे भाडे आधी ठरवून घेणे आणि गाडीची पाटी पाहणे, ही दोन कामे प्रवाशालाच करावी लागतात.