पातेल्यातली कॉफी कडू का होते?

गिरगावातल्या चाळीतल्या घरात चहा रोजचा. कॉफी पाहुण्यांची, नाही तर परीक्षेची. घरात कोणी दहावीला असले की रात्री दहाला पातेले गॅसवर चढते. पाणी, दूध, साखर आणि कॉफीची पूड एकदमच पडते आणि 'चांगली कडक होऊ दे' म्हणून दहा मिनिटे उकळत राहते. अशी कॉफी कडू होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिने झोप जास्त उडते, ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

कॉफीच्या भाजलेल्या बियांच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भाग गरम पाण्यात विरघळू शकतो. मात्र हे सारे पदार्थ एकाच वेगाने बाहेर येत नाहीत. आंबट चवीची आम्ले आणि कॅफिन लवकर उतरतात. कडवट, तुरट पदार्थ मागाहून येतात. साधारणपणे १८ ते २२ टक्के भाग उतरला की चव जमते. पूड बारीक असेल तर चार-पाच मिनिटांत बहुतेक कॅफिन पाण्यात आलेले असते. त्यापुढे उकळून मिळतो तो कडूपणा. शिवाय सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर उडून जातात. कॉफीचा वास जिन्यापर्यंत दरवळला, की तेवढा कपातून गेला असे समजावे!

पूड बारीक का हवी, हे वर्गात गणिताने दाखवता येते. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. त्याचेच १ मिमी बाजूचे हजार घन केले तर एकूण पृष्ठफळ ६० चौ. सेंमी होते. पाण्याला दहापट जागा मिळते. पण फारच बारीक पूड गाळणीतून खाली येते आणि कपातही उतरतच राहते.

कॉफीला ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमान मानवते. सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. गिरगाव समुद्रकाठी, तेथे ते १०० अंशांना उकळणार. म्हणून पाण्याला उकळी आली की गॅस बंद करावा, अर्धा मिनिट थांबावे आणि मग पूड घालावी. एका कपासाठी अर्धा कप पाणी आणि दोन चहाचे चमचे पूड पुरते. एकदा ढवळून चार मिनिटे झाकण ठेवावे व गाळून घ्यावे. झटपट विरघळणारी कॉफी म्हणजे आधीच काढून वाळवलेला अर्क; तिला यातले काहीच लागू नाही.

दूध वेगळे तापवावे. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.७ असतो आणि ४.६ च्या आसपास त्यातले केसीन साकळते. कॉफीचा सामू ५ च्या जवळपास. सकाळपासून बाहेर राहिलेले दूध आधीच थोडे आंबलेले असते. त्यात गरम कॉफी पडली की नेमके पाहुण्यांसमोर ते फाटते. ताज्या दुधातले केसीन मात्र कॉफीतल्या तुरट द्रव्यांना बांधून ठेवते, म्हणून दुधाची कॉफी मऊ लागते. जायफळ शेवटी किसून घालावे. त्याचे सुगंधी तेल उडून जाणारे असते, पण दुधातल्या स्निग्धांशात ते विरघळून राहते.

पुड्यावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, ते वाचावे. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते. चिकोरी हे भाजलेले मूळ. त्यात कॅफिन नसते. ग्लासभर थंड पाण्यावर चिमूटभर पूड टाका. कॉफी तेलकट असल्याने काही वेळ तरंगते. चिकोरी तपकिरी रेघ सोडत तळाशी जाते. विद्यार्थ्यांना हा प्रयोग फार आवडतो. दाट काळा रंग म्हणजे कडक कॉफी नव्हे, हेही त्यातून आपोआप कळते.

आता पुन्हा त्या दहावीच्या मुलाकडे वळू. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोप येऊ लागते. कॅफिन त्याची जागा अडवते. झोपेची गरज तशीच राहते, फक्त तिचा निरोप पोचत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातले निम्मे कॅफिन नाहीसे व्हायला साधारण पाच तास लागतात. व्यक्तीप्रमाणे हा काळ बराच बदलतो. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतले निम्मे कॅफिन पहाटे तीनलाही अंगात असते आणि पाव भाग सकाळी आठला. बोर्डाचा पेपर असतो अकराला.