ताईची सही

बँकेत शेतीकर्जाची फाईल तपासताना बहिणींचं हक्कसोडपत्र दिसलं, की मला हायसं वाटे. कागद पुरे झाले! माझ्या आत्यानं सही केली ती माहेर तुटू नये म्हणून. पुढे ताईनंही केली. मी तिला साडी नेसवली. (निवडली बायकोनं.) तेव्हा ती मायाच वाटली होती.

हिंदू वारसा कायदा दुरुस्त करून महाराष्ट्रानं १९९४ मध्ये, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. केंद्रानं २००५ मध्ये सगळ्याच मुलींना. कायद्यानं मनं बदलत नाहीत म्हणतात. पण मागणारीला बळ येतं. शिवाय मुली मिळवत्या झाल्या, माहेरच्या चोळीबांगडीची त्यांना गरज उरली नाही.

परवा लेकीनं विचारलं, "बाबा, आत्यानं सही केली नसती, तर भाऊबीजेला बोलावलं असतं तिला?"

'हो' म्हणायला मला वेळ लागला. तो तिनं पाहिला.