शेतरस्त्यासाठी कोणती गाडी : स्प्लेंडर की एक्सपल्स?



सोयाबीनचे पैसे हातात आले की घरात गाडीचा विषय निघतो. मुलं म्हणतात, "शेतात जायला एक्सपल्स घेऊ, ऑफ-रोड गाडी आहे." वडील म्हणतात, "आपली स्प्लेंडरच बरी." ग्रुपवर बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून आजचा सल्ला पिकाऐवजी गाडीबद्दल.

आधी आकडे बघा.

स्प्लेंडर प्लस : इंजिन ९७.२ सीसी, वजन ११२ किलो, जमिनीपासून उंची १६५ मिमी, सीटची उंची ७८५ मिमी, दोन्ही चाकं १८ इंची.

एक्सपल्स २०० ४व्ही : इंजिन १९९.६ सीसी, वजन साधारण १६० किलो, जमिनीपासून उंची २२० मिमी, सीटची उंची ८२५ मिमी, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची.

ऑफ-रोड गाड्यांमध्ये एक्सपल्स हलकी समजतात. पण स्प्लेंडरपेक्षा ती ४८ किलोंनी जड आहे. म्हणजे युरियाची एक गोणी कायम गाडीवर बांधलेली!

१) दगड-धोंडे, ओढा, चढ
इथे एक्सपल्स सरस. मोठं चाक दगडावरून सहज चढतं, शॉकअप जास्त दबतात आणि इंजिन खाली घासत नाही. डोंगराळ भागात रोज असा रस्ता असेल तर हा फरक कंबरेला कळतो.

२) काळ्या मातीचा चिखल
इथे दोन्ही गाड्या हरतात. स्प्लेंडरच्या पुढच्या मडगार्डात माती अडकून चाक जाम होतं. एक्सपल्सचं मडगार्ड उंच आहे, पण चिकट माती टायरच्या खाचांत भरली की तोही टायर गुळगुळीत होऊन घसरतो. मग १६० किलोंची गाडी एकट्याने उचलायची. सीट उंच असल्याने बुटक्या माणसाचे पाय पूर्ण टेकत नाहीत, हेही लक्षात घ्या. गाडी घरात कोण कोण चालवणार, ते आधी ठरवा.

३) ओझं
दुधाच्या किटल्या, खताची गोणी, फवारणी पंप यासाठी कमी उंचीची, लांब सीटची स्प्लेंडर सोयीची. एक्सपल्सचा सायलेन्सर उजव्या बाजूने वर गेलेला आहे. त्या बाजूला गोणी लटकवली तर चटका बसून वितळते.

४) पंक्चर
बाभळीचा काटा दोन्ही गाड्यांना सारखाच. पण एक्सपल्सला ट्यूबचा टायर आहे. २१ इंची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही. एक जादा ट्यूब घरी ठेवावी लागेल.

५) खर्च
एक्सपल्सची किंमत जवळपास दुप्पट. रोज ३० किमी, वर्षाला ३०० दिवस धरा : ९,००० किमी. लिटरला ६० किमी पडले तर १५० लिटर, ४० पडले तर २२५ लिटर. पेट्रोल १०० रुपये धरलं तरी वर्षाला ७,५०० रुपये जादा.

मग घ्यायची कोणती?
रस्ता दगडाचा, चढाचा आणि ओझं कमी असेल तर एक्सपल्स. रस्ता मुरमाचा किंवा डांबरी आणि रोज ओझं असेल तर स्प्लेंडर. रस्ता काळ्या मातीचा असेल तर गाडी बदलून प्रश्न सुटणार नाही, रस्त्यावर मुरूमच पडायला हवा. त्यासाठी शासनाची शेत/पाणंद रस्ते योजना आहे. बांधाशेजारच्या सगळ्यांनी मिळून ग्रामपंचायतीत विषय मांडा.

एक इशारा : शर्यतीची जुनी डर्ट बाईक स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. जिची आरटीओ नोंदणीच होत नाही, ती रस्त्यावर चालवता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा आधारही नाही.

शोरूमला जाण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : पावसाळ्यात माझी गाडी नक्की कुठे अडकते, दगडात की चिखलात?

आपला,
कृषी सल्लागार