छत्रीला वाट सापडली, पण कोणासाठी?

8 मार्च 2024, जुम्म्याचा दिवस. रमजान अगदी तोंडावर आला होता. गाझा शहराच्या पश्चिमेला शाती निर्वासित छावणीजवळ लोक आकाशातून उतरणाऱ्या मदतीची वाट पाहत होते. त्यातल्या काही खोक्यांची छत्री उघडली नाही. ती लोकांवर कोसळली आणि पाच जण मृत्युमुखी पडले, असे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले. विमान कोणाचे यावर वाद झाला, अमेरिका आणि जॉर्डन दोघांनीही ते आपले नसल्याचे म्हटले. त्याच महिन्यात बैत लाहियाच्या किनाऱ्यावर समुद्रात पडलेली खोकी आणायला गेलेले 12 जण बुडाल्याची बातमी आली.

ही दृश्ये मोबाईलवर पाहून आमच्या वर्गातल्या मुलांनी विचारले, "फोनमधला नकाशा आपल्याला गल्लीबोळ दाखवतो, मग त्या छत्रीला जागा का सापडत नाही?" प्रश्न बिनतोड होता. छत्रीला जागा सापडते, आणि तीही वीस वर्षांपासून.

आधी जुनी गोल छत्री समजून घेऊ. रुमालाच्या चार टोकांना दोरा बांधून खडा लटकवला आणि गच्चीवरून सोडला की मुलांना ती लगेच कळते. ती फक्त वेग कमी करते, दिशा वाऱ्याच्या हाती. साधा हिशेब करा. तीन हजार मीटरवरून सेकंदाला आठ मीटर वेगाने खोके उतरले तर त्याला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. वारा ताशी 30 किलोमीटर असेल तर तेवढ्यात ते तीन किलोमीटर भरकटते. गाझा पट्टीची रुंदी काही ठिकाणी जेमतेम सहा किलोमीटर आहे.

हा अनुभव 1993 मध्ये बोस्नियात आला होता. स्रेब्रेनिका, झेपा अशा वेढ्यात सापडलेल्या मुस्लिम वस्त्यांवर अमेरिकी विमाने रात्री, तोफांच्या भीतीने फार उंचावरून, अन्न टाकत. बरीच खोकी भलतीकडे पडत. अंगावर जड खोके पडून माणसे जखमी होऊ नयेत म्हणून मग जेवणाची सुटी पाकिटेच हवेत विखरून टाकण्याची युक्ती निघाली. (मांसविरहित, कोणत्याही धर्माच्या माणसाला चालेल असे मदतीचे खास पाकीटही याच मोहिमेत पहिल्यांदा वापरले गेले.) अचूक हवाई पुरवठ्याच्या संशोधनाला वेग आला तो यानंतर.

त्यातून आलेल्या यंत्रणेचे नाव जेपॅड्स. तिची छत्री गोल नसून चौकोनी, कप्पे शिवलेली असते. पुढून हवा शिरली की ती फुगून पंखासारखी होते आणि तरंगत पुढे सरकते. खोक्यावर बसवलेला संगणक उपग्रहाच्या मदतीने आपली जागा ओळखतो आणि छोट्या मोटरींनी दोऱ्या ओढून छत्री वळवतो. साडेसात हजार मीटर उंचीवरून सोडलेले खोकेही ठरल्या जागेच्या शे-दीडशे मीटरच्या आत उतरवणे हे उद्दिष्ट. ऑगस्ट 2006 मध्ये अफगाणिस्तानात ती पहिल्यांदा युद्धात वापरली गेली, अमेरिकी सैनिकांच्या ठाण्यांसाठी. रस्त्यात पेरलेल्या बॉम्बपासून ट्रक वाचले आणि उंचावर राहिलेले विमानही. शत्रूने उपग्रहाचे संकेत अडवले तर जमिनीची चित्रे पाहून वाट काढणाऱ्या छत्र्यांवरही काम झाले आहे.

आपला देशही मागे नाही. आग्र्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने 18 डिसेंबर 2021 रोजी 500 किलो क्षमतेची अशी छत्री पाच हजार मीटरवरून उतरवून दाखवली. ऑक्टोबर 2025 मध्ये स्वदेशी लढाऊ पॅराशूटने जवानांनी 32 हजार फुटांवरून उडी घेतली. त्यात दिशा दाखवायला आपलीच 'नाविक' उपग्रह यंत्रणा आहे. लडाखसारख्या भागात, जिथे हिवाळ्यात रस्ते बंद होतात, तिथे याची गरज सांगायला नको.

मग गाझात हीच छत्री का नाही, असा प्रश्न मुलांनी पुढे विचारलाच. ती महाग आहे, हे एक कारण. पण आम्हाला दुसरे कारण मोठे वाटते. सैन्याचे खोके उतरते तिथे खाली आपली माणसे असतात. त्यांनी मैदान रिकामे केलेले असते, आत काय आहे आणि कोणाला द्यायचे हे त्यांना ठाऊक असते. शातीत खाली उभी होती उपाशी गर्दी. तिथे शंभर मीटरची अचूकताही कोणाला वाचवेल याची खात्री नाही, फार तर समुद्रात जाणारी खोकी वाचतील.

2 मार्च 2024 रोजी अमेरिकेने पहिल्यांदा मदत टाकली तेव्हा तीन मोठ्या विमानांतून मिळून सुमारे 38 हजार जेवणे उतरली. उत्तर गाझात तेव्हा अंदाजे तीन लाख माणसे होती. आणि त्याच दिवसांत रफाहच्या पलीकडे, इजिप्तच्या बाजूला, अन्नाने भरलेले ट्रक रांगेत उभे होते.