शहाळ्यातलं पोटॅशियम आणि दख्खनच्या कातळाचं वय

तुमच्या-माझ्या शरीरात दर सेकंदाला पोटॅशियम-४० चे सुमारे ४ हजार अणू मोडतात. घाबरू नका, हे जन्मापासून चालू आहे! निसर्गातल्या दर लाख पोटॅशियम अणूंत साधारण १२ अणू या अस्थिर जातीचे. केळं, बटाटा, शहाळं, सगळ्यांतून ते पोटात येतात.

किरणोत्सारी ऱ्हासाचे शाळेतले तीन प्रकार आठवतात? अल्फामध्ये केंद्रक दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा बाहेर फेकतं. हे बहुतेक युरेनियम, रेडियमसारख्या जड मंडळींचं काम. बीटामध्ये न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन सुटतो. गॅमामध्ये मूलद्रव्य बदलतच नाही, जादा ऊर्जा तेवढी निघून जाते. अल्फा कागदानंही अडतो. गॅमाला शिसं लागतं.

पोटॅशियम-४० माझं लाडकं, कारण ते एका वाटेनं जातच नाही. शंभरातले सुमारे ८९ अणू बीटा ऱ्हासानं कॅल्शियम होतात. उरलेले जवळपास सगळे उलटंच करतात: स्वतःचाच इलेक्ट्रॉन केंद्रकात ओढून घेतात आणि आरगॉन वायू बनतात. हवेत जवळजवळ १ टक्का आरगॉन आहे ना, तो बहुतेक सगळा इथूनच आलाय!

अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. एखादा अणू कधी मोडेल हे कुणीच सांगू शकत नाही, पण ढिगातले निम्मे कधी संपतील हे पक्कं. लाव्हा वितळलेला असताना जुना आरगॉन निसटतो. थिजल्यावर तयार होणारा खडकातच अडकतो. तो मोजला की सह्याद्रीतल्या बेसॉल्टचं वय निघतं: सुमारे ६.६ कोटी वर्षं.