युनियनची निवडणूक आणि जातीची हाक

आपट्याहून पाताळगंगेच्या काठाने रसायनीकडे कारखान्यांत कामाला जाणारी मंडळी या सभेत असतील. युनियनची निवडणूक आली की गेटवर पत्रके वाटली जातात, पगाराच्या व बोनसच्या गोष्टी निघतात, आणि मग कोणीतरी हळूच कानाशी लागतो : "मत आपल्या माणसाला द्या." हा आपला माणूस कोण? आपल्या खात्यातला, की आपल्या जातीचा?

आमदार-खासदारांच्या निवडणुकीपुरते कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ (३) धर्म, वंश, जात, जमात व भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार मानते. १९८७ सालची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक धर्माच्या नावाने मते मागितली म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या जातिधर्माची हाकही या कलमात येते, असा निकाल २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी दिला.

परंतु हे कलम संसद व विधिमंडळापुरतेच आहे. युनियनच्या निवडणुकीत धमकी दिली, दोन समाजांत वैर पेटविले, तर फौजदारी कायदा आहेच. नुसत्या जातीच्या हाकेसाठी मात्र युनियनला असे स्वतंत्र कलम नाही.

अमेरिकेत हा प्रश्न सरळ कारखान्याच्या गेटवरच उभा राहिला. तेथे युनियन हवी की नको यावर कामगार गुप्त मतदान करतात व राष्ट्रीय कामगार-संबंध मंडळ ते घेते. जॉर्जिया राज्यातील सेवेल या कपड्यांच्या कारखान्यात मालकाने मतदानापूर्वी काळ्या-गोऱ्या स्त्रीपुरुषांच्या नृत्याची छायाचित्रे वाटली. युनियन हरली. १९६२ मध्ये मंडळाने तो निकाल रद्द केला व नियम घालून दिला : वंशाचा उल्लेख खरा आणि प्रश्नाशी संबद्ध असेल तर चालेल, द्वेष भडकविण्यासाठी मुद्दाम केला तर चालणार नाही. तो खरा व संबद्ध आहे हे दाखविण्याचा भार उल्लेख करणाऱ्यावरच.

मग जातीचे नावच काढू नये, हे सोपे नाही काय? सोपे आहे, पण न्याय्य नाही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे; विटाळाच्या कल्पनेने अस्पृश्य कामगारांना विणखात्यात घेत नसत, आणि तेथेच पगार अधिक. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी ही तक्रार कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडली. तेव्हा जातीबद्दल गप्प बसणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे झाले असते.

तात्पर्य, जातीमुळे कामावर काय भोगावे लागते ते सांगणे वेगळे, आणि जात दाखवून मत मागणे वेगळे. पहिल्यात कामगाराची तक्रार असते. दुसऱ्यात तक्रारच नाहीशी होते. नोंदलेल्या युनियनच्या घटनेत पदाधिकारी कसे निवडावे हे लिहावेच लागते. तेथेच ही मर्यादा दोन ओळींत लिहून ठेवता येईल. सभासदांनी ती सभेत मांडावी, आणि कानाशी लागणाऱ्याला एवढेच विचारावे : "तुमचा माणूस आमच्या खात्यासाठी काय करणार?"