‘हायवेला लागलं की हात सोडायचे’

नेरूळला आमच्या सोसायटीत कुणाची नवी गाडी आली की पार्किंगमध्ये नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि दहा मिनिटांच्या आत कुणीतरी ते वाक्य म्हणतंच: "कळंबोलीहून एकदा एक्स्प्रेस-वेला लागलं की हात सोडायचे. गाडी आपोआप जाते." हेच मी खालापूरच्या फूड मॉलवर चहाच्या रांगेत ऐकलं आहे, एका लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, पनवेलच्या एका टायरवाल्याकडेही ऐकलं आहे. म्हणणारी माणसं शिकलेली असतात, बायकामुलांना घेऊन प्रवास करणारी असतात. म्हणूनच मला राग येतो.

आधी वस्तुस्थिती. ऑगस्ट २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली आणि ‘लेव्हल टू ॲडास’ हे शब्द आपल्या घराघरांत पोचले. पुढच्या दोन-तीन वर्षांत होंडा सिटी, हॅरियर, सफारी, व्हर्ना, सेल्टोस अशा कितीतरी गाड्यांत ही सोय आली. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, लेनच्या पट्ट्यांमध्ये गाडी ठेवणारं स्टिअरिंग आणि धडक होणार असं दिसलं तर आपोआप लागणारा ब्रेक, हा तिचा गाभा. यातली ‘लेव्हल’ ही शोरूमने दिलेली पदवी नाही. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आणि त्यात दुसऱ्या पायरीपर्यंत गाडी चालवणारा माणूसच असतो, पाय पेडलवर नसले आणि स्टिअरिंग स्वतः वळत असलं तरीही. आपल्याकडच्या या गाड्यांच्या पुस्तिका उघडून पाहा. हात स्टिअरिंगवर ठेवा, नजर रस्त्यावर ठेवा, हे त्यात पुन्हापुन्हा छापलेलं आहे. पण ती पुस्तिका ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहते आणि लोक शिकतात रील्सवरून.

माझ्या भाच्याचंही तेच झालं. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं संध्याकाळी पुण्याला निघालो होतो. शेडुंग मागे पडल्यावर त्याने दाराच्या कप्प्यातून अर्धा लिटरची पाण्याची बाटली काढली, निम्मी भरलेली, आणि स्टिअरिंगच्या उजव्या आऱ्यात घट्ट खोचली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मामा, बघ ना आता."

मी पाहत होतो. मीटरमधलं स्टिअरिंगचं पिवळं चिन्ह एकदाही लागलं नाही. त्याचं कारण असं, की बहुतेक गाड्यांमधला सेन्सर हात ओळखतच नाही. स्टिअरिंगला किंचितसा पीळ बसतोय का, एवढंच तो तपासतो. माणसाच्या हाताचं वजन आणि बाटलीचं वजन यातला फरक त्याला कळत नाही. भाचा खूश होता. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती: आता या गाडीत रस्त्याकडे पाहायला कुणालाच बांधून ठेवलेलं नाही.

माडपचा बोगदा ओलांडल्यावर काही मिनिटांनी आमच्या पुढची पांढरी टॅक्सी एकदम उजवीकडे सरकली. ती सरकली आणि समोर एक ट्रेलर दिसला. उभा. मागचे दिवे बंद, टायरपाशी तीन-चार दगड आणि एक झाडाची फांदी टाकलेली. त्या क्षणी आमची गाडी मंद झाली नाही. पुढची टॅक्सी गेली, रस्ता मोकळा झाला असं समजून तिने ठरवून दिलेला १०० चा वेग गाठायला उलट जरा जोर घेतला. मी ओरडलो, भाच्याने करकचून ब्रेक मारला, बाटली उडून पायाशी पडली. आम्ही वाचलो. खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत दोघांपैकी कुणी बोललं नाही.

"सेन्सर खराब असेल," हे मला नंतर निदान पाच जणांनी ऐकवलं. नाही, सेन्सर खराब नव्हता. हाच मुद्दा मला ओरडून सांगायचा आहे. यंत्र असंच बनवलेलं आहे, आणि तसं बनवण्यामागे कारण आहे.

गाडीच्या पुढच्या बाजूला असलेला रडार एखादी वस्तू आपल्याकडे किती वेगाने येतेय हे फार अचूक सांगतो. पण तुम्ही १०० च्या वेगाने जात असाल तर रस्त्यावरची प्रत्येक स्थिर वस्तू तुमच्याकडे १०० च्याच वेगाने येत असते. कडेचा लोखंडी कठडा, डोक्यावरचे दिशाफलक, कॅमेऱ्यांच्या कमानी, बोगद्याचं तोंड, पूल. वस्तू किती उंचीवर आहे, हे ओळखण्यात साधा रडार कच्चा असतो. डोक्यावरची कमान आणि रस्त्यात उभा ट्रेलर यांचा प्रतिध्वनी त्याला जवळपास सारखाच भासतो. प्रत्येक कमानीला ब्रेक लागू लागले तर मागून येणारी गाडी येऊन आदळेल. म्हणून जास्त वेगात अशा स्थिर प्रतिध्वनींकडे दुर्लक्ष करायचं, किंवा कॅमेऱ्याने दुजोरा दिला तरच ब्रेक लावायचा, असं सॉफ्टवेअरमध्ये बसवलेलं असतं. आणि धुळीने माखलेला, दिवे नसलेला, अंधारात कडेला तिरका उभा असलेला ट्रेलर कॅमेऱ्याला वेळेवर ओळखू येईलच असं नाही. हल्लीच्या अनेक गाड्या उभ्या वाहनासाठीही ब्रेक लावतात, विशेषतः कमी वेगात. पण लावतात आणि लावतीलच, यात जीव जाण्याइतकं अंतर आहे.

विश्वास बसत नसेल तर क्रूझ कंट्रोलसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक पाहा, आयएसओ १५६२२. स्थिर वस्तूला प्रतिसाद दिलाच पाहिजे, अशी सक्ती त्यात नाही. देत नसेल तर चालकाला निदान पुस्तिकेतून तसं कळवा, एवढीच अट आहे. पुन्हा तीच पिशवीतली पुस्तिका.

आता आकडे मांडतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर ते ५५ मीटर झालं. कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेक पूर्ण दाबला तरी गाडी थांबायला ४० ते ४५ मीटर लागतात. त्याआधी डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद, म्हणजे आणखी २८ ते ४२ मीटर. बेरीज ५५ च्या बरीच पुढे जाते. पुढची गाडी शेवटच्या क्षणी बाजूला झाली तर लक्ष देणाराही अडचणीत येतो. आम्ही वाचलो ते टॅक्सीवाला जरा आधी सरकला म्हणून. मांडीवर हात ठेवून मोबाइल पाहणाऱ्याच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

आणि उभा ट्रेलर ही आपल्याकडे क्वचित घडणारी गोष्ट नाही. जेएनपीटीचे कंटेनर, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळ्या भरून निघालेले ट्रक, यांच्यातच आपण नवी मुंबईकर रोज गाडी चालवतो. मागे चार-पाच फूट बाहेर आलेल्या सळ्या आणि टोकाला बांधलेली लाल चिंधी तुम्ही पाहिली असेल. कॅमेऱ्याला वाहनाची पाठ ओळखायला शिकवलेलं असतं. ती चिंधी पाहून सावध होणं हे तुमचं काम आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेच्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरवर २०१६ या एका वर्षात १५१ माणसं गेली होती. सेव्हलाइफ फाउंडेशन आणि रस्ते विकास महामंडळाने तिथे अपघात कमी करण्याचं जे काम हाती घेतलं, त्यात रस्त्यात उभी राहणारी वाहनं हा एक मोठा विषय होता.

यावर पुढचा युक्तिवाद ठरलेला असतो: "अमेरिकेत तर सर्रास हात सोडून चालवतात." काही गाड्यांत खरंच चालवतात. जनरल मोटर्सची सुपर क्रूझ २०१७ पासून आहे, फोर्डची ब्लूक्रूझ २०२१ पासून. पण ती यंत्रणा ठरावीक, आधी नकाशे करून ठेवलेल्या महामार्गांवरच हात सोडू देते, आणि चालकासमोरचा कॅमेरा त्याचे डोळे रस्त्यावर आहेत का ते सतत पाहत असतो. तिथे हात मोकळे असतात, डोळे नाही. एवढं असूनही २०२४ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये, सॅन अँटोनियो आणि फिलाडेल्फिया इथे, ब्लूक्रूझ चालू असलेल्या गाड्या रात्रीच्या वेळी महामार्गावर उभ्या वाहनांवर आदळल्या, माणसं गेली आणि एप्रिलमध्ये तिथल्या वाहन सुरक्षा विभागाने चौकशी सुरू केली. रात्र, महामार्ग, उभं वाहन. आमचा ट्रेलर मला तेव्हा पुन्हा आठवला.

मला यातली सर्वांत दुखणारी बाजू माणसाची वाटते. "मी लक्ष ठेवतो ना, गरज पडली की धरतो," असं सगळेच मनापासून म्हणतात. नुसतं पाहत बसणं माणसाला जमत नाही. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या कामाचा अभ्यास केला होता. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या नजरेतून खुणा सुटू लागल्या. ती माणसं आळशी नव्हती. काही घडत नसताना जागं राहणं हे मेंदूला जड जातं. कळंबोलीहून घाटाच्या पायथ्याला पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. आणि जेवढी यंत्रणा चांगली, तेवढा विश्वास जास्त: अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने २०२२ मध्ये वापरकर्त्यांना विचारलं, तेव्हा सुपर क्रूझ वापरणाऱ्यांपैकी ५३ टक्के लोकांनी गाडी पूर्ण स्वयंचलित असल्यासारखी वागवायला आपल्याला काही वाटत नाही, असं सांगितलं. त्याच संस्थेने २०२४ मध्ये १४ यंत्रणांमधली चालकाला जागं ठेवण्याची व्यवस्था तपासली. ११ थेट निकृष्ट ठरल्या. म्हणजे बाटली खोचणारे फक्त आपल्याकडे आहेत असं नाही.

"पंधरा सेकंद हात सोडायची परवानगी असते," हेही त्याच बाटलीचं भावंड. युरोपसह अनेक देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ७९ मध्ये हात सुटल्यावर जास्तीत जास्त १५ सेकंदांत इशारा दिलाच पाहिजे, असं म्हटलं आहे. ती इशाऱ्याची मुदत आहे. तेवढ्या वेळात १०० च्या वेगाने गाडी ४०० मीटरहून जास्त जाते.

बाकीचे गैरसमज भराभर निकालात काढतो. 

"मग ॲडास म्हणजे नुसता देखावा": अजिबात नाही. धडकेचा इशारा आणि आपोआप लागणारा ब्रेक असलेल्या गाड्यांमध्ये मागून धडकण्याचे अपघात निम्म्याने घटल्याचं आयआयएचएसचंच निरीक्षण आहे. सायन-पनवेलच्या संध्याकाळच्या रांगेत मी स्वतः अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल लावतो आणि घरी कमी थकून पोचतो, हात स्टिअरिंगवर ठेवून.

"घाटातही तो सांभाळतो": बोरघाटात कारला ६० ची मर्यादा आहे, वळणं तीव्र आहेत, आणि लेन धरून ठेवणाऱ्या मोटरची ताकद मुद्दाम मर्यादित ठेवलेली असते, म्हणजे तुमच्या हाताने तिला सहज मागे सारता यावं. वळण जास्त झालं की ती सोडून देते, कधी आवाज करून, कधी फक्त एक हिरवं चिन्ह करडं करून.

"अपघात झाला तर कंपनी जबाबदार": लेव्हल टूमध्ये चालक तुम्हीच. बेदरकार गाडी चालवण्याचं मोटार वाहन कायद्यातलं कलम १८४ तुमच्यावर लागतं. डिसेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसजवळ गार्डिना इथे ऑटोपायलट चालू असलेल्या टेस्लाच्या धडकेत दोघं गेले, तेव्हा फौजदारी खटला चालकावरच उभा राहिला.

"गडकरींनी चालकाविना गाड्यांना नाही म्हटलंय, म्हणजे ॲडासही बेकायदा": डिसेंबर २०२३ मधलं त्यांचं म्हणणं चालकांच्या नोकऱ्या घालवणाऱ्या, माणसाविना धावणाऱ्या गाड्यांबद्दल होतं. तुमच्या गाडीत चालक आहे.

"पाच तारे आहेत, म्हणजे ॲडास उत्तम": ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपचे तारे प्रामुख्याने धडक झाल्यावर आतली माणसं किती वाचतात, यावर मिळतात.

"पावसाळ्यात काही फरक पडत नाही": जुलैमध्ये खंडाळ्याच्या धुक्यात लेनच्या पट्ट्या तुम्हालाच दिसत नाहीत, काचेमागच्या कॅमेऱ्याला त्या कशा दिसणार? चिखलाचा थर रडारवर बसला तरी यंत्रणा बंद पडते आणि पडद्यावर एक ओळ येते. ती ओळ वाचा.

काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं. गॅरेजवाला "गरज नाही" म्हणाला तरी. फास्टॅगही आरशामागे मधोमध चिकटवताना कॅमेऱ्याच्या नजरेच्या वाटेत येऊ देऊ नका.

आणि दसऱ्याला झेंडूचा जाडजूड ओला हार बंपरच्या मधोमध, रडारच्या तोंडावरच बांधला जातो, मग तशीच गाडी घेऊन लोक अटल सेतूवर जातात. हार बांधा, जरूर बांधा. पण रडार कुठे आहे ते आधी पुस्तिकेत पाहा, तेवढी जागा मोकळी ठेवा, आणि निघण्याआधी हार काढून घराच्या दाराला लावा.